अनुभव धागा: घराचं कर्ज लवकर फेडताना काय काय बाजूला राहिलं?

पाऊणवाट

आमच्या घराच्या कर्जाचं हे सातवं वर्ष. मुदत वीस वर्षांची. गेल्या महिन्यात ध्यानीमनी नसताना एक रक्कम हाती आली, उरलेल्या मुद्दलाच्या साधारण एक तृतीयांश. मी म्हणतो, सगळी कर्जात घालू आणि मोकळे होऊ. बायकोला वर्षभर बिनपगारी रजा घेऊन अर्धवट राहिलेलं शिक्षण पूर्ण करायचंय. ती म्हणते, आत्ता नाही तर कधीच नाही. भांडण वगैरे नाही, पण विषय निघाला की दोघंही आपापल्या ताटात बघतो.

हिशोब मला येतो, एक्सेलमध्ये दहा वेळा करून झालाय. मला ऐकायचंय ते हिशोबात न मावणारं. कर्ज लवकर फेडलं असेल, फेडता फेडता सोडून दिलं असेल, मुद्दाम फेडलंच नसेल, तर का, आणि मधल्या काळात घरात काय चाललं होतं?

विनंती दोनच. बँकांची नावं नकोत. आणि रकमा सांगू नका, टक्के आणि वर्षं पुरेत. रकमा आल्या की धागा भलतीकडेच जातो.

शेवटचा_चौकोन

मी सुरुवात करतो. वीस वर्षांचं कर्ज नऊ वर्षांत संपवलं.

कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला होता, २४० चौकोनांचा. दर महिन्याचा हप्ता गेला की वरून एक चौकोन खोडायचा, आणि जास्तीचे पैसे भरले की मुदत जितकी घटली तितके चौकोन खालून. वरची आणि खालची काट एकमेकींकडे सरकताना बघायची मला अक्षरशः नशा चढली होती. मुलगी तेव्हा चार वर्षांची. शंभरापर्यंतचे आकडे ती त्याच कागदावर शिकली.

बोनस आला की कर्जात. पगार वाढला की कर्जात. सहलीची वर्गणी, नाचाचा क्लास, मोठी सायकल या सगळ्यांना एकच उत्तर: "कर्ज संपलं की." वाईट हेतू नव्हता, आणि खरंच संपलंही. पण संपलं तेव्हा मुलगी तेरा वर्षांची होती आणि तिने मागणं सोडून दिलं होतं. आता ती बावीस वर्षांची आहे, स्वतः कमावते. परवा तिला म्हटलं, वाढदिवसाला काय हवं? तर आधी विचारते, "बाबा, परवडेल का?" ती चेष्टेत म्हणाली. मला हसू आलं नाही.

फेडलं याचा पस्तावा नाही. नऊऐवजी अकरा वर्षांत फेडलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही.

किलबिल

आमचं काहीच नाट्यमय नाही. दरवर्षी पगारवाढ झाली की हप्ता ५ टक्क्यांनी वाढवून घ्यायचा, एवढंच. एकरकमी कधीच काही भरलं नाही. ८.५ टक्के दराने वीस वर्षांचं कर्ज या चालीने बारा वर्षांच्या थोडं पुढे संपतं. आमचं साडेबारा वर्षांत संपलं, कारण एक वर्ष पगारच वाढला नाही. वाढ हाती येण्याआधीच कापली गेल्यामुळे जाणवलीही नाही. बोनस मात्र पूर्ण आमचा, त्याला कर्जाने हात लावायचा नाही हे आधीच ठरलं होतं. फिरलो, दुरुस्त्या केल्या, एकदा नुसताच उडवला.

रिकामा_खिसा

धागाकर्ते, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळा आला, कारण मी नेमकं तेच केलं होतं. होती नव्हती ती सगळी शिल्लक एका दिवसात कर्जात घातली. कर्जाचा निम्मा डोंगर उतरला. आठवडाभर हवेत होतो.

चार महिन्यांनी आमचा अख्खा विभाग बंद झाला.

माझी समजूत अशी की आपण इतके पुढचे पैसे भरलेत, तर पाच-सहा महिने हप्ता नाही दिला तरी चालेल. बँकेत गेलो. समोरची मुलगी सभ्य होती, पण उत्तर सरळ होतं: सर, तुम्ही मुद्दल कमी केलंत, हप्ते आगाऊ भरले नाहीत. पुढच्या महिन्याचा हप्ता पुढच्या महिन्यात यायलाच हवा. भरलेलं परत हवं असेल तर टॉप-अप, म्हणजे याच घरावर वाढीव कर्जाचा अर्ज करा. आणि त्या अर्जाला काय लागतं? चालू पगाराच्या पावत्या!

पाच महिने पगार नव्हता. शेवटी ८.५ टक्क्यांच्या कर्जाचे हप्ते भरण्यासाठी एका ओळखीच्या सावकारी कंपनीकडून १४ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज घेतलं. व्याज वाचवायला निघालेल्या माणसाची ही गत. बायकोने तेव्हा एका शब्दाने बोलून दाखवलं नाही, हे तिचं मोठेपण. भिंतींमध्ये घातलेला पैसा भिंती फोडल्याशिवाय बाहेर येत नाही.

आता सहा महिन्यांचा घरखर्च अधिक सहा हप्ते वेगळ्या खात्यात असतात. त्या खात्याचं कार्डसुद्धा काढलेलं नाही.

खातेवही

कर्जविभागात बावीस वर्षं काढली, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. वरच्या पोस्टमधली चूक मी टेबलाच्या पलीकडून शेकडो वेळा पाहिली आहे.

८.५ टक्के, वीस वर्षं हेच उदाहरण घेऊ. पहिल्या हप्त्यातल्या शंभरातले जवळपास ८२ व्याजात जातात, मुद्दलाला लागतात १८. निम्मं मुद्दल फिटायला चौदावं वर्ष उजाडतं. लोक स्टेटमेंट बघून म्हणतात बँकेने फसवलं. फसवणूक नाही. व्याज बाकी मुद्दलावर लागतं आणि सुरुवातीला बाकी मोठी असते, एवढीच गोष्ट.

म्हणूनच जास्तीचा पैसा कधी भरता याला महत्त्व. मूळ कर्जाच्या १० टक्के रक्कम पहिलं वर्ष संपताना भरलीत आणि हप्ता तोच ठेवलात, तर चार वर्षं वाचतात. तीच रक्कम बाराव्या वर्षाअखेर भरलीत तर २१ महिने. पाऊणवाट, तुम्ही सातव्या वर्षी आहात, मधोमध. घाईचा जो मोठा फायदा होता तो थोडा निसटलाय, आणि उशीर झालाय असंही नाही. म्हणजे तुमचा प्रश्न गणिताच्या बाजूने अजिबात तातडीचा नाही. माझ्या मते ही तुमच्यासाठी चांगली बातमी आहे.

दुसरं, भरताना फॉर्मवर नीट बघा: हप्ता कमी करायचा की मुदत? व्याज मुदत घटवल्याने जास्त वाचतं, म्हणून सगळे तोच सल्ला देतात. मी घरातला एक पगार थांबणार असेल तर हप्ता कमी करा असं सांगायचो. कमी हप्ता असताना जमेल तेव्हा जास्त भरता येतं. मोठा हप्ता मात्र अडचणीच्या महिन्यातही मोठाच राहतो.

तिसरं, दंडाचं कलम. हे देशागणिक आणि करारागणिक बदलतं. भारतात तरत्या (मधे मधे बदलणाऱ्या) दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व फेडीचा आकार घ्यायला रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना मनाई केली. कॅनडात बऱ्याच करारांमध्ये वर्षाला मूळ रकमेच्या १० ते २० टक्क्यांपर्यंतच जास्तीचं भरता येतं, त्यापुढे दंड. जर्मनीत स्थिर दराचं कर्ज मधेच फेडलं तर नुकसानभरपाई द्यावी लागते, पण पूर्ण रक्कम उचलून दहा वर्षं झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन बिनदंड मोकळं होता येतं. आपला कागद काय म्हणतो ते आधी वाचा. अर्धेअधिक लोक वाचत नाहीत, हे मी शपथेवर सांगतो.

पाऊणवाट

खातेवही, आभार. "हप्ता कमी करा" हा पर्याय मी एक्सेलमध्ये घेतलाच नव्हता.

दोन_उश्या

आम्ही फेडत नाही आहोत, मुद्दाम. आमचा दर ३ टक्क्यांच्या आत आणि ३० वर्षांसाठी स्थिर आहे. (अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये असा सरासरी दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, त्या लाटेत आम्ही घेतलं.) नंतर साध्या ठेवीवरही त्याहून जास्त व्याज मिळायला लागलं. मग घाई कशाला करायची?

हे झालं माझं मत. नवऱ्याच्या लहानपणी त्यांचं घर जप्तीत गेलं होतं. त्याला व्याजदर सांगून उपयोग नाही, डोक्यावर कर्ज आहे म्हटल्यावर तो रात्री दोनला उठून पाणी पितो. तीन वर्षं मी त्याला तक्ते दाखवत होते. एकदा तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे, मला झोप येत नाही एवढंच." त्यावर माझ्याकडे तक्ता नव्हता.

तोडगा असा निघाला: बाकी कर्जाइतकी रक्कम ठेवींमध्ये साठेपर्यंत साठवायची, आणि दर तीन महिन्यांनी दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहून त्याला द्यायचे. दरी कमी होतेय हे दिसलं की त्याला पुरतं. पाणी प्यायला अजून उठतो, पण परत झोपतो.

खातेवही

दोन_उश्या, काही देशांत याचसाठी सोय असते. ऑस्ट्रेलियात ऑफसेट खातं, आपल्याकडे ओव्हरड्राफ्ट जोडलेलं गृहकर्ज. खात्यात जितकी शिल्लक, तितक्या कर्जावर व्याज लागत नाही, आणि गरज पडली की पैसे काढता येतात. दर थोडा जास्त पडू शकतो. रिकामा_खिसा यांना हे त्या वेळी कुणी सांगायला हवं होतं. शिस्त नसलेल्या माणसाने मात्र यापासून लांब राहावं, खातं हाताशी असलं की हात जातोच.

रिकामा_खिसा

कुणी सांगितलं असतं तरी त्या आठवड्यात मी ऐकलं नसतं.

उशिरा_कळलेलं

आमचं लवकर फेडणं हौसेचं नव्हतं. कर्ज घेतलं तेव्हा मी २९ वर्षांची, दर ६.७. दहा महिन्यांत तो ८.७ झाला. हप्ता तेवढाच कापला जात होता, म्हणून मला वाटलं की आपल्याला झळ लागली नाही. मग एकदा सहज स्टेटमेंट उघडलं. २३० हप्ते उरायला हवे होते, तिथे ३९०च्या आसपास आकडा. बँकेने हप्ता न वाढवता मुदत ताणली होती. ईमेल आला होता म्हणे. आला असेल, जाहिरातींच्या ढिगात.

वयाची साठी ओलांडली तरी मी हप्तेच भरत असणार होते! मुदत पूर्वीवर आणायला हप्ता जवळपास १६ टक्क्यांनी वाढवावा लागला. त्या वर्षी दुसऱ्या बाळाचा विचार होता. तो दोन वर्षं पुढे गेला. याचं कारण मी नातेवाइकांना वेगवेगळं सांगितलं, खरं कारण इथे पहिल्यांदा लिहितेय.

अर्धं_घर

माझं कर्ज दोघांच्या नावावर होतं, नंतर माणूस एकच उरला. (वारलेला नाही, गेलेला आहे.) मला वाटलं की त्याच्या हिश्शाएवढं भरून टाकलं की कागदावरून त्याचं नाव जाईल. मरमर करून तीन वर्षांत तेवढं भरलं. बँक म्हणाली, कर्जात हिस्से नसतात, दोघंही पूर्ण रकमेला बांधील. नाव काढायचं तर माझ्या एकटीच्या पगारावर पात्रता नव्याने तपासणार.

पण इथेच ती तीन वर्षं कामी आली. बाकी इतकी खाली आली होती की माझ्या एकटीच्या पगारात ती बसली. त्या काळात दात दुखत होता तरी गेले नाही, शेवटी काढावा लागला. एक दात देऊन एक नाव काढलं असं मी मैत्रिणींना सांगते.

शेवटचा_चौकोन

अर्धं_घर, _/\_

जुनी_किल्ली

सगळे फेडण्याबद्दल लिहितायत, फेडल्यानंतरचंही कुणी लिहा. मीच लिहितो. शेवटचा हप्ता गेला, आम्ही फोटोबिटो काढला, विषय संपला. सहा वर्षांनी घर विकायला काढलं तर घेणाऱ्याचे वकील म्हणाले, सरकारी नोंदीत बँकेचा बोजा तसाच आहे. बँकेची ती शाखा दुसऱ्या शाखेत मिसळलेली, जुनी फाइल गोदामात. चार महिने खेटे घातले. तोवर गिऱ्हाईक गेलं.

तर: ना-देय दाखला, सगळी मूळ कागदपत्रं (जमा केली त्या दिवशीच्या यादीशी ताडून), नोंदीतून बोजा उतरल्याचा उतारा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये खातं 'बंद' दिसतंय का. फोटो त्यानंतर काढा. भारतातल्यांसाठी: कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बोजाची नोंद उतरवायची असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि चूक बँकेची असेल तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५,००० रुपये भरपाई. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासूनचा. आमच्या वेळी नव्हता.

किलबिल

बापरे. आमचा दाखला फ्रिजवर चुंबकाने लावलाय. आत्ताच काढून फाइलमध्ये ठेवते.

पाऊणवाट

तीन आठवड्यांनी येतोय. हा धागा बायकोला वाचायला दिला. तिने एका बैठकीत वाचला आणि शेवटचा_चौकोन यांच्या मुलीपाशी थांबली. बोलली काही नाही.

काल बँकेत जाऊन आलो. तिची फी आणि रजेच्या वर्षाचे बाराही हप्ते आधी बाजूला काढले. रिकामा_खिसा यांच्या नावाने आणखी सहा महिन्यांचा खर्च. मग जे उरलं ते कर्जात. मी म्हणत होतो त्याच्या निम्म्यालाही थोडं कमीच भरलं.

फॉर्मवर ते दोन चौकोन होतेच. हप्ता कमी, मुदत कमी. माझं पेन सवयीने 'मुदत'कडे गेलं. तिने पेन काढून घेतलं, 'हप्ता'वर खूण केली आणि म्हणाली, पुढच्या वर्षी मी पगार आणायला लागले की तुझी मुदत तू कमी कर.

तिचे वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतायत.