१० बाय १२ च्या हॉलसाठी स्पीकर: अ‍ॅक्टिव्ह की पॅसिव्ह?

चिपळूणकर
नमस्कार मंडळी. हॉल १० बाय १२, बजेट ३० हजार. बाबांचा जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर अजून ठणठणीत आहे, मागे ‘८ ओहम’ छापलंय. स्पीकर मात्र गेले. वूफरच्या (खालचे सूर वाजवणारा मोठा कोन) कडेची फोमची रिंग बोट लावलं की भुगा होऊन हातात येते. दुकानदार म्हणतो, हे सगळं काढा, अ‍ॅक्टिव्ह घ्या. आम्ही ऐकतो ख्याल, नाट्यगीतं आणि संध्याकाळी टीव्हीवरच्या बातम्या. काय करू?

खर्ज_षड्ज
आधी एक घोळ निस्तरू. पॅसिव्ह म्हणजे आत अ‍ॅम्प नसलेला, बाहेरच्या अ‍ॅम्पवर चालणारा स्पीकर. पण प्लग लागतो म्हणून स्पीकर अ‍ॅक्टिव्ह होत नाही. खऱ्या अ‍ॅक्टिव्हमध्ये वूफरला वेगळा अ‍ॅम्प, ट्वीटरला (वरचे बारीक सूर वाजवतो तो) वेगळा, आणि खालचे-वरचे सूर वेगळे करणारा क्रॉसओव्हर त्या दोन्ही अ‍ॅम्पच्या आधी. यामाहा एचएस५ मध्ये वूफरला ४५ वॅट, ट्वीटरला २५. एका डब्यात सगळा अ‍ॅम्प आणि दुसरा डबा नुसता वायरने जोडलेला, अशी ब्लूटूथ जोडी मिळते, ती ‘पॉवर्ड’.

माझ्याकडे एचएस५ आहेत आणि माझा फार जीव आहे त्यांच्यावर. आवाज कमी ठेवला तरी तानपुऱ्याचे चारही सूर सुटे ऐकू येतात. पण टीव्हीसाठी घेऊ नका. रिमोट नाही, व्हॉल्यूम प्रत्येक स्पीकरच्या पाठीमागे वेगळा, आरसीएची (लाल-पांढरी) पिन थेट बसत नाही. आई बातम्या लावायची आणि आवाज वाढवायला दर वेळी मला हाक मारायची. शेवटी मी ते माझ्या खोलीत टेबलावर नेले.

गुहागर_किनारा
आपल्याकडे पावसाळ्यात लाइटचा खेळ चालतो, तेही धरा. माझ्या अ‍ॅक्टिव्ह जोडीतल्या एकाचा बोर्ड विजांच्या रात्री उडाला. तसा बोर्ड कुठे मिळेना. आतला वूफर धडधाकट, पण तेव्हापासून माळ्यावर. पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प गेला तर अ‍ॅम्पच मेकॅनिककडे न्यायचा.

चिपळूणकर, तुमचे स्पीकर मेलेले नाहीत हो! फोमची रिंग बदलून मिळते. मधला कोन हलक्या हाताने सरळ आत दाबून बघा. खरखर न होता आत-बाहेर झाला तर कॉइल (कोन हलवणारं तारेचं वेटोळं) बहुधा शाबूत आहे. रिंग रबराची मिळाली तर उत्तम, आपल्या दमट हवेत फोम टिकत नाही.

चिपळूणकर
दाबून पाहिलं. डावा मोकळा हलतो, उजवा घासतोय.

गुहागर_किनारा
मग उजव्याची कॉइल आधी मेकॅनिकला दाखवा. ती गेली असेल तर नवीन पॅसिव्ह जोडी घ्या, ८ ओहमचीच. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये स्पीकर किती मोठ्याने वाजतो, ती बघायला विसरू नका. ८७ डीबीवाला जेवढा वाजतो तेवढं वाजायला ८४ डीबीवाल्याला दुप्पट वॅट लागतात, आणि जुन्या अ‍ॅम्पवर तो ताण कशाला?

खर्ज_षड्ज
अनुमोदन. आणि कोपऱ्यात ठेवू नका, तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो. भिंतीपासून हातभर पुढे घ्या.