मदत हवी आहे: प्रकल्पाचा सांगाडा उभारणाऱ्या साधनातून डिपेंडन्सी आपोआप कशा बसवाव्यात?

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून वेब प्रोग्रॅमिंगची प्रात्यक्षिके करून घेतो. सत्राच्या सुरुवातीला तेच फोल्डर, त्याच फायली आणि तीच पॅकेजेस (प्रकल्प ज्यांवर अवलंबून असतो तो तयार कोड, म्हणजेच डिपेंडन्सी) साठ जणांकडून हाताने करून घेण्यात दोन तासिका खर्ची पडत, म्हणून मी एनपीएमच्या (जावास्क्रिप्टची पॅकेजेस बसवणाऱ्या पॅकेज मॅनेजरच्या) 'एनपीएम क्रिएट' या आज्ञेने चालणारे एक छोटे साधन लिहिले आहे. ते प्रकल्पाचे नाव विचारते, टेम्पलेटमधील फायली त्या नावाच्या फोल्डरमध्ये उतरवते आणि शेवटी स्वतःच 'एनपीएम इन्स्टॉल' चालवते. घोडे अडले आहे ते या शेवटच्या पायरीवर.

माझ्या उबुंटूवर सर्व सुरळीत चालते, पण प्रयोगशाळेत विंडोज आहे. तेथे 'एनपीएम' ही प्रत्यक्षात डॉट सीएमडी प्रकारची फाइल असल्यामुळे नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीच्या) 'स्पॉन' या दुसरा प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या फंक्शनला ती नुसत्या नावाने सापडत नव्हती. पूर्ण नाव दिल्यावर काम झाले. यंदा नोड अद्ययावत केल्यावर मात्र 'स्पॉन ईइनव्हॅल' अशी त्रुटी येऊ लागली. शोधाअंती समजले की एप्रिल २०२४ मधील सुरक्षा दुरुस्तीनंतर (१८.२०.२, २०.१२.२ आणि २१.७.३ या आवृत्त्यांपासून) बॅच फायली (डॉट सीएमडी, डॉट बॅट) शेलशिवाय, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमशिवाय, सुरू करता येत नाहीत. मी 'शेल: ट्रू' हा पर्याय जोडला, त्रुटी गेली आणि मी निर्धास्त झालो.

दुसऱ्याच दिवशी एका विद्यार्थिनीने प्रकल्पाला रोमन लिपीत 'किराणा हिशोब' असे नाव दिले. माझी आज्ञा 'एनपीएम इन्स्टॉल --प्रीफिक्स' आणि त्यापुढे फोल्डरचे नाव अशी होती. शेलने मधल्या मोकळ्या जागेवर नावाचे दोन तुकडे केले, एनपीएमने 'किराणा' हे फोल्डर मानले आणि 'हिशोब' नावाचे पॅकेज रजिस्ट्रीत (पॅकेजेसच्या ऑनलाइन भांडारात) शोधून ४०४, म्हणजे 'सापडले नाही', ही त्रुटी दाखवली. त्या नावाचे पॅकेज खरोखरच असते तर ते निमूटपणे बसले असते, याची मला अधिक धास्ती वाटते.

आणखी दोन शंका आहेत. साठ यंत्रे एकाच वेळी डाउनलोड करू लागली की इंटरनेट मध्येच तुटते. अर्धवट प्रकल्प नको म्हणून अशा वेळी माझे साधन संपूर्ण फोल्डर पुसून टाकते. हे योग्य आहे का? शिवाय काही विद्यार्थी 'पीएनपीएम' हा दुसरा पॅकेज मॅनेजर वापरतात, त्यांच्या फोल्डरमध्ये दोन वेगवेगळ्या लॉक फायली (बसवलेल्या पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्यांची नोंद) तयार होतात. तो प्रश्न कसा सोडवावा?

प्रतिसाद १

शेल वापरण्यात चूक नाही; वापरकर्त्याने टंकलेला मजकूर शेलच्या हाती देण्यात आहे. 'शेल: ट्रू' असताना नोड अर्ग्युमेंट्स (आज्ञेपुढे दिलेले शब्द) केवळ मोकळी जागा घालून जोडतो, त्यांना अवतरणचिन्हांचे संरक्षण देत नाही. नोड २४ तर अशा वापराबद्दल इशाराही दाखवतो. त्यामुळे '--प्रीफिक्स' काढून टाका, फोल्डरचा मार्ग 'स्पॉन'च्या 'सीडब्ल्यूडी' (आज्ञा ज्या फोल्डरमध्ये चालवायची ते) या पर्यायात द्या आणि आज्ञा म्हणून 'एनपीएम इन्स्टॉल' एवढी एकच ठरावीक स्ट्रिंग ठेवा. बदलता मजकूर आज्ञेत नसेल तर तुटण्यासारखे काही उरत नाही. पुढे अर्ग्युमेंट्स द्यावी लागलीच, तर 'क्रॉस-स्पॉन' ही लायब्ररी घ्या.

पॅकेज मॅनेजर ओळखण्यासाठी 'एनपीएम_कॉन्फिग_यूजर_एजंट' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वाचा. त्याच्या सुरुवातीला साधन ज्या पॅकेज मॅनेजरने सुरू केले त्याचे नाव असते. इन्स्टॉलही त्यानेच करावे.

फोल्डर मात्र कृपया पुसू नका. पायथॉनच्या 'कुकीकटर' या अशाच सांगाडा उभारणाऱ्या साधनातही हुक (ठरावीक टप्प्यावर आपोआप चालणारी स्क्रिप्ट) अपयशी ठरला तर तयार झालेले फोल्डर काढून टाकले जाते, पण तेथे ते राखून ठेवण्याचा पर्यायही द्यावाच लागला आहे. फायली उतरल्या म्हणजे सांगाडा तयार झाला. डिपेंडन्सी नंतरही बसवता येतात. अपयश आल्यास कोणत्या फोल्डरमध्ये जाऊन कोणती आज्ञा द्यायची, ते दोन ओळींत छापा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. आज 'सीडब्ल्यूडी' वापरून पाहिले आणि 'किराणा हिशोब'ची पॅकेजेस त्याच नावाच्या फोल्डरमध्ये बसली. पण लगेच 'इन्व्हॅलिड नेम' ही नवी त्रुटी उभी राहिली, कारण मी तेच नाव पॅकेज डॉट जेसन या प्रकल्पाची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्येही जसेच्या तसे लिहीत होतो आणि तेथे मोकळी जागा चालत नाही. आता फोल्डरचे नाव तसेच ठेवून पॅकेजच्या नावात तेवढा जोडरेघेचा वापर केला आहे. त्यानंतर मुद्दाम नावात '&' घालून पाहिले, तरीही इन्स्टॉल पूर्ण झाले. इंटरनेटची तार काढूनही पाहिली: फोल्डर जागेवर राहिले आणि खाली आज्ञेच्या दोन ओळी उमटल्या. सोमवारच्या तुकडीपासून इन्स्टॉलची पायरी वगळण्याचा पर्यायही देणार आहे, म्हणजे साठ जणांना वीस-वीसच्या गटांत डाउनलोड करायला सांगता येईल.