मदत हवी आहे: मच्छिमार वस्तीत पर्यावरणाचे माहितीपट कसे दाखवावेत?

नमस्कार मंडळी,

मी सिंधुदुर्गात किनाऱ्यावरच्या एका गावात माध्यमिक शाळेत विज्ञान आणि भूगोल शिकवते. वर्गातली निम्मी मुलं मच्छिमारांच्या घरची आहेत. गेल्या फेब्रुवारीत आम्ही शाळेच्या पटांगणावर मुलांसाठी आणि पालकांसाठी एक माहितीपट दाखवला. समुद्रातल्या प्लास्टिकवरचा, परदेशी. निवेदन इंग्रजीत, खाली हिंदी अक्षरं. प्रोजेक्टर तालुक्याहून भाड्याने आणला, पडदा म्हणून पांढरी चादर बांधली. वाऱ्याने ती सारखी फुगत होती, तरी माणसं शेवटपर्यंत बसली. जाळ्यात अडकून मेलेलं कासव दिसलं तेव्हा बायका हळहळल्या. मला वाटलं, पोचतंय.

संपल्यावर मी विचारलं, कुणाला काही बोलायचंय का? कुणीच बोललं नाही. सामान आवरताना एक म्हातारे तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, जवळ आले आणि म्हणाले, "बाईनू, सगळां खरां, पण ह्यो समुद्र आमचो न्हय."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना निबंध लिहायला दिला, तर सगळ्यांनी दूरच्या महासागरांबद्दल लिहिलं. आमच्याच पुळणीवर जाळ्याच्या तुकड्यात गुरफटलेलं कासव आलं होतं, ते यातल्या कित्येकांनी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याबद्दल एक ओळ नाही. एका तरुण खलाशाने तर मला सरळ विचारलं, की रात्री एलईडी दिवे लावून मासे ओढणाऱ्या बोटींना २०१७ पासून बंदी आहे, तरी त्या दिसतात. त्यांना सोडून आम्हालाच का शिकवता? त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असेल. पुरुष गावात असतील, शाळेचा हॉल मिळेल. मला पुन्हा प्रयत्न करायचाय, पण मागच्यासारखा नको. कोणते माहितीपट घ्यावेत? भाषेचं काय करावं? पूर्ण गावाला दाखवायचं तर परवानगी लागते का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवे लागल्यावर लोकांनी बोलावं म्हणून काय करतात? ज्यांनी असे खेळ लावलेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी परवानगीचं सांगतो, कारण यात बरेच जण अडकतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला सूट आहे, पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी थेट संबंध असलेलेच हवेत. तुमचा फेब्रुवारीचा खेळ त्यात बसतो. अख्ख्या गावाला बोलावलंत की बसत नाही. नेटफ्लिक्सच्या काही माहितीपटांना विनातिकीट शैक्षणिक खेळासाठी एकदा दाखवायची मुभा असते, मात्र तसं त्या त्या माहितीपटाच्या माहितीत लिहिलेलं असायला हवं. बाकीच्यांसाठी निर्मात्याला पत्र लिहायचं. आपल्याकडचे माहितीपटवाले शाळेचं पत्र आलं की बहुतेक वेळा आनंदाने हो म्हणतात, हा माझा अनुभव.

आणि चित्रापेक्षा आवाजावर खर्च करा. पावसात पत्र्याखाली काही ऐकू येत नाही. चांगले दोन स्पीकर आणि इन्व्हर्टर, एवढं हवंच. वीस-पंचवीस मिनिटांहून लांब काही लावू नका.

प्रतिसाद २

तुमच्या तांडेलांचं वाक्य वाचून मला गुजरातची गोष्ट आठवली. जरा लांबण लागेल, पण तुमच्या प्रश्नाशी तिचा थेट संबंध आहे.

वेरावळ भागात पूर्वी व्हेल शार्क मारत. हुकाला दोर आणि दोराला पिंपं बांधायची, म्हणजे एवढा मोठा मासा दमून वर येई. म्हणून तिथे त्या माशाचं नावच 'बॅरल' पडलं होतं. माईक पांडे यांनी त्यावर 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला, २००० साली. त्याचा मोठा परिणाम झाला. २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, आला. आपल्या देशात माशाला असं संरक्षण पहिल्यांदाच मिळालं.

पण हा परिणाम दिल्लीत झाला. किनाऱ्यावरच्या माणसाला एवढंच कळलं, की कालपर्यंतचा धंदा आज गुन्हा ठरला. तिथलं मन बदलायला २००४ पासून वेगळी मोहीम लागली. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि वनखात्याने ती चालवली. खऱ्या आकाराचा फुगवलेला व्हेल शार्क घेऊन ते गावोगाव गेले, पथनाट्यं केली. रामकथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितलं, की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आलीये. मासा 'बॅरल'चा 'व्हाली' झाला, म्हणजे लाडकी. जाळं कापून तिला सोडलं तर नुकसानभरपाई मिळू लागली. त्याच कोळ्यांनी पुढे शेकडो व्हेल शार्क सोडले.

माहितीपट काय करू शकतो आणि कुठे थांबतो, ते मला या एका उदाहरणात फार स्वच्छ दिसतं. तो अधिकाऱ्यांना दाखवायचा की मच्छिमारांना, हे आधी ठरवा. त्या खलाशाचा प्रश्न अगदी रास्त आहे. एलईडीवाल्या बोटींबद्दल काही दाखवायचं असेल तर ते गावाला दाखवून उपयोग नाही. ते तहसील आणि मत्स्यविभागाच्या कचेरीत दाखवायला हवं. गावाला आधीच सगळं ठाऊक आहे.

प्रतिसाद ३

वरच्याला जोडून. 'ब्लू प्लॅनेट २' ही २०१७ ची मालिका आली तेव्हा प्लास्टिकबद्दल फार गाजली. नंतर संशोधकांनी तिचा भाग लोकांना दाखवून तपासलं. पाहणाऱ्यांचं ज्ञान वाढलं होतं, पण प्लास्टिक कमी निवडण्याकडे त्यांचा कल झाला नव्हता. तेव्हा तुमचा खेळ फसला असं मनाला लावून घेऊ नका, ताई.

प्रतिसाद ४

मी कुडाळकडचा. भाषेसाठी एक सुचवतो. आपली माणसं रात्रभर जागून दशावतार बघतात. तिथे संवाद लिहिलेले नसतात, नट ऐनवेळी बोलतो. गावातल्या एखाद्या दशावतारी कलाकाराला माहितीपट आधी दोन-तीनदा दाखवा. खेळाच्या वेळी इंग्रजी आवाज बारीक ठेवायचा आणि त्याने पडद्याशेजारी बसून मालवणीत सांगायचं. परवानगीच्या पत्रात हेही विचारून घ्या. खालची अक्षरं म्हाताऱ्यांना वाचता येत नाहीत, बोललेलं सगळ्यांना कळतं. शिवाय तो मध्येच थांबून समोरच्याला नाव घेऊन विचारू शकतो, "काय रे, असां खयच्या पाण्यात बघितलंस?" तिथूनच बोलणं सुरू होतं. शेवटी माईक फिरवून ते होत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हालीची गोष्ट मी काल वर्गात सांगितली, आणि त्यातून जे निघालं ते इथे लिहायलाच हवं.

जाळं कापून भरपाई, हे ऐकून एक मुलगा म्हणाला, आमच्या बाबांनी पण कासव सोडलंय, व्हिडीओ आहे. आपल्या राज्यातही २०१८ पासून योजना आहे: संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि जाळं कापून सोडला तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी फोटो किंवा व्हिडीओचा पुरावा लागतो, म्हणून खलाशी मोबाईलवर चित्रण करतात. मुलांना म्हटलं, घरी विचारा. आज सकाळपर्यंत अकरा व्हिडीओ जमलेत. कासवं आहेत, एकात व्हेल शार्क आहे. हात थरथरतायत, मागे इंजिनाचा आवाज, कुणीतरी ओरडतंय "सांभाळ रे, पंख्याक लागात!" आणि कासव पाण्यात उतरल्यावर एक जण हात जोडतो. मी हे शाळेत बसून पाहिलं आणि मला रडू आलं. इतकी वर्षं मी यांना कासव वाचवायला शिकवत होते.

तर आता असं ठरवतेय: पहिली पंधरा मिनिटं गावाचेच व्हिडीओ, ज्याने काढला त्याने उभं राहून सांगायचं. मग गुजरातचा माहितीपट, पत्राला होकार आला तर. दशावतारी काकांशी बोलणं झालंय, ते तयार आहेत.

दोन गोष्टींत अजून मदत हवी. मोबाईलवर उभे काढलेले व्हिडीओ मोठ्या पडद्यावर नीट दिसावेत म्हणून फुकट मिळणारं, मुलांना वापरता येईल असं काही सॉफ्टवेअर आहे का? आणि दोन व्हिडीओंत कासव सोडायच्या आधीच मेलेलं आहे. ते दोघे दाखवायला घाबरतायत, उगाच केस होईल म्हणून. त्यांची नावं न घेता ते दाखवावेत, की ठेवूनच द्यावेत? वनखात्यात काम केलेलं कुणी इथे असेल तर जरूर सांगा. २० जूनला खेळ लावायचा विचार आहे.