मदत हवी आहे: अल्ट्राकूल ड्वार्फचे रेडिओ झोत जीएमआरटीत दिसतील का?

मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टला टीव्हीएलएम ५१३ हा अल्ट्राकूल ड्वार्फ (अगदी लहान, थंड तारा) घेतलाय, ३५ प्रकाशवर्षांवर आहे आणि दर १.९६ तासांनी दीपगृहासारखा रेडिओचा झोत फिरवतो, तोही जवळपास १०० टक्के वर्तुळाकार ध्रुवित (लहरीचं विद्युत क्षेत्र गोल फिरतं), भारीच प्रकार आहे! पण हे झोत अमेरिकेतल्या व्हीएलए रेडिओ दुर्बिणीवर ४.९ आणि ८.४ गिगाहर्ट्झला दिसल्याचं २००७ साली जाहीर झालं, म्हणजे मेझरच्या (चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉन्समुळे होणारं तीव्र रेडिओ उत्सर्जन) हिशोबाने (चुंबकीय क्षेत्राच्या दर गॉसला २.८ मेगाहर्ट्झ) तिथलं चुंबकीय क्षेत्र साधारण १७५० ते ३००० गॉस, आणि खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची रेंज तर १४५० मेगाहर्ट्झलाच संपते. ताऱ्यापासून लांब, जिथे क्षेत्र ५०० गॉसवर (म्हणजे १४०० मेगाहर्ट्झवर) येतं, तिथेही मेझर चालू राहतो का? आणि कासा या रेडिओ डेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्टोक्स व्हीचं (वर्तुळाकार ध्रुवणाचं माप) कॅलिब्रेशन कुणी केलं असेल तर प्लीज स्टेप्स सांगा, ध्रुवण नीट नाही निघालं तर झोत ओळखणार कसा?