वकिलातींचा खर्च आणि निर्यातदाराच्या पदरात काय?
'वकिलातींवर कोट्यवधी उधळतात, निर्यातदाराला काय?' या मुद्द्याबद्दल. परराष्ट्र खात्याची २०२५-२६ची तरतूद सुमारे २०,५१७ कोटी. त्यातले २,१५० कोटी एकट्या भूतानच्या मदतीचे. सगळा पैसा वकिलातींचा नव्हेच.

मदत मिळते, पण मागायची रीत आहे. द्राक्षं नेदरलँड्सला पाठवायची तर हेगच्या भारतीय दूतावासाच्या वाणिज्य विभागाकडे नुसती 'खरेदीदारांची यादी' मागू नका. जुनीपानी यादी हातात पडते. आयईसी (आयात-निर्यातदाराचा सरकारी क्रमांक), एचएस कोड (मालाच्या वर्गीकरणाचा क्रमांक; ताज्या द्राक्षांचा ०८०६१०, पहिले सहा आकडेच जगभर सारखे), रॉटरडॅम बंदरापर्यंत पोच धरून युरोतला भाव कळवा आणि ठरावीक आयातदाराची खातरजमा मागा. पैसे अडकले तर दूतावास फार तर मध्यस्थी करतो, वसुली नाही. त्यासाठी माल चढवण्याआधीच ईसीजीसीची (निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसी घ्यायची.