बाबांचं प्रोटीन वाढलंय, मग डाळ-मासे बंद करायचे का?

सांखळीकर_७
बाबा ६८ वर्षांचे. पाठ दुखते म्हणून सहा महिने आम्ही नुसतं तेल चोळत बसलो. शेवटी बांबोळीच्या इस्पितळात नेलं, तर मल्टिपल मायलोमा, म्हणजे हाडांच्या मज्जेचा कर्करोग निघाला. रिपोर्टवर टोटल प्रोटीन १०.४, अल्ब्युमिन २.९. शेजारच्या काकांनी तो कागद वाचला आणि आईला सांगितलं, ‘‘प्रोटीन वाढलंय, डाळ, मासे, अंडी बंद.’’ त्या दिवसापासून बाबांच्या ताटात शीत (भात) आणि कढी, बस. मुगागाठींचा वाससुद्धा नाही. वजन पाच किलोंनी उतरलं.

दर आठवड्याला पोटावर बोर्टेझोमिबचं इंजेक्शन असतं. सिस्टर म्हणाली, हे पेशीतलं प्रोटीन मोडायचं यंत्र बंद करतं. आता सांगा, ज्याचं प्रोटीन आधीच वाढलंय त्याचं मोडायचं यंत्र बंद करून काय साधणार? डॉक्टरांना विचारायचं ठरवून जातो आणि बाहेर कदंबच्या स्टॉपवर आल्यावर आठवतं. पुढच्या महिन्यापासून लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल आहेत. बायकोला सातवा महिना चालू आहे, तर तिने त्यांना हातही लावायचा नाही म्हणे. एवढं काय असतं त्यात?

दोडामार्गवाला
ग्रीन टी द्या, दिवसातून तीनदा. माझ्या मेव्हण्याला फरक पडला.

लॅबवाली_ताई
सांखळीकर, आधी आईला सांग, आजच्या आज बांगड्याचं हुमण कर म्हणून. बाकीचं नंतर वाच. फक्त क्रिएटिनीन, म्हणजे मूत्रपिंडाचा आकडा, वाढलेला असेल तर किती खायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा.

२८ वर्षं लॅबमध्ये काढली, हा घोटाळा दर दोन-तीन महिन्यांनी काउंटरवर यायचा. १०.४ मधून अल्ब्युमिन २.९ वजा कर. उरले ७.५, ते ग्लोब्युलिन, अँटिबॉडी ज्यात मोडतात तो प्रोटीनचा गट. ते डाळीतून आलेलं नाही. खाल्लेल्या प्रोटीनचे आतड्यात बारीक तुकडे होतात, मगच ते रक्तात जातात. या साडेसातातलं जे जास्तीचं आहे ते बाबांच्या हाडांतल्या मज्जेत तयार झालंय. तिथल्या प्लाझ्मा पेशींचं काम अँटिबॉडी बनवायचं. त्यातली एक पेशी बिघडली, तिची पिलावळ माजली आणि सगळ्या मिळून एकच अँटिबॉडी ओतत सुटल्या. रक्तातली प्रोटीनं विजेने वेगळी करायच्या चाचणीत, इलेक्ट्रोफोरेसिसच्या पट्टीवर, निरोगी माणसाचा अँटिबॉडीचा भाग ओल्या फडक्यावर पसरलेल्या हळदीसारखा पुसट दिसतो. मायलोमात तिथेच पेनाने ओढल्यासारखी ठसठशीत रेघ येते. एकदा बघितली की विसरत नाही.

आता यंत्र. सत्तरीच्या रानात तोडायच्या झाडावर वनखात्याचा माणूस हातोड्याने छाप मारताना बघितला असशील. पेशीतही नको झालेल्या प्रोटीनवर अशीच छाप बसते. छापेचं नाव युबिक्विटिन, अवघ्या ७६ अमिनो आम्लांचं. छाप मारणारी एन्झाइम्स म्हणजे लायगेज. छाप बसलेला माल जातो प्रोटिआसोम नावाच्या करवतीत. बोर्टेझोमिब त्या करवतीत पाचर मारतं.

मग मायलोमाच्याच पेशी जास्त का मरतात? कारण त्या रात्रंदिवस अँटिबॉडी बनवतात आणि त्यातला वाकडातिकडा घडलेला माल ढिगाने असतो. करवत थांबली की तो आतच साठतो आणि पेशी गुदमरते. बाकीच्या पेशींकडे एवढा माल नसतो, त्या पुढच्या डोसपर्यंत सावरतात. फटका त्यांनाही बसतो, नाही असं नाही. प्लेटलेट सुटायच्या कामातही अडथळा येतो, म्हणून इंजेक्शनांच्या आठवड्यांत आकडा खाली जातो आणि सुट्टीच्या आठवड्यात परत चढतो. दर वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करायला लावतात ती उगीच नाही.

मला याची एक गंमत वाटते. ही छापेची सगळी पद्धत सापडली ती सशाच्या कोवळ्या लाल पेशींच्या रसात. लाल पेशी तयार होताना हिमोग्लोबिन ठेवते आणि आतला बहुतेक संसार मोडून फेकते, म्हणजे करवत जोरात चालणारच. हर्शको, सिएचानोव्हर आणि रोज यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं ते यासाठी.

कॅप्सूलचं काम वेगळं. ती करवतीला हात लावत नाही, छाप मारणाऱ्याला फितवते. सेरेब्लॉन नावाचा भिडू लायगेजला कुठलं झाड ते दाखवतो. लेनालिडोमाइड त्याला चिकटलं की तो आयकारोस आणि आयोलोस या दोन प्रोटीनकडे बोट दाखवतो. मायलोमाच्या पेशी त्या दोघांच्याच जिवावर जगतात. पण आयकारोस चांगल्या रक्तपेशी घडायलाही लागतं, म्हणून पांढऱ्या पेशी कमी होतात. ताप आला तर घरी पॅरासिटामॉल देऊन बसू नका, लगेच दाखवा.

हे थॅलिडोमाइडच्या घराण्यातलं औषध. १९५७ ते १९६१ मध्ये थॅलिडोमाइड गरोदर बायकांना दिलं गेलं आणि हजारो मुलं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. वाटही सेरेब्लॉनचीच. बायकोला ठणकावून सांग. कॅप्सूल फोडायची नाही, चघळायची नाही, डबा तू भर.

आणि दोडामार्गवाले भाऊ, ग्रीन टी तर मुळीच नको. त्यातला एक घटक बोर्टेझोमिबमधल्या बोरॉनला पकडतो आणि औषध वाया जाण्याची भीती असते.

म्हापशेकर_बाब
ताई, मला सीएमएल, रक्ताचा एक कर्करोग. कित्येक वर्षं इमॅटिनिबची गोळी घेतोय. माझंही हे छापेचंच का?

लॅबवाली_ताई
नाही. तुमचं कायनेज नावाच्या एन्झाइमचं. ते प्रोटीनला फॉस्फेट चिकटवून त्याला कामाला लावतं. तुमच्या ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली आणि त्यातून न थांबणारं कायनेज जन्मलं. बटण चालूवर अडकलं म्हणा. गोळी त्याच्या खाचेत बसते. चुकवू नका.

सांखळीकर_७
क्रिएटिनीन १.० आहे, डॉक्टरांना फोनवर विचारलं, खाऊ दे म्हणाले. बांगडा झाला, बाबांनी दोनदा शीत घेतलं. आता अजून एक. अ‍ॅसायक्लोव्हिरची गोळी आईने ‘ताप नाही तर कशाला’ म्हणून फडताळात बाजूला ठेवलीय, आज कळलं.

लॅबवाली_ताई
अरे देवा. ती नागीण उठू नये म्हणून असते, या इंजेक्शनावर ती उठू शकते. किती दिवस चुकली ते मोज आणि आत्ताच परत फोन लाव.