सिंथेटिक स्टॉकला बेडिंग खरंच लागतं का?

टाचणी:
सरळच लिहितो, शिव्या घाला हवं तर. बोल्ट ॲक्शन रायफलचा लाकडी स्टॉक (दस्ता) काढून सिंथेटिक बसवला रे बसवला की लोक लगेच बेडिंगसाठी, म्हणजे ॲक्शन (बोल्ट ज्यात फिरतो तो धातूचा भाग) स्टॉकमध्ये नीट बसावी म्हणून मध्ये थर द्यायला, इपॉक्सी कालवायला बसतात. माझ्या मते दहातल्या आठांना त्याची गरज नसते. लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्यात आखडतं, बॅरलवरचा दाब बदलतो, झीरो (जुळवून ठेवलेला नेम) सरकतो, म्हणून बेडिंग आलं. प्लास्टिकला ते दुखणंच नाही. बॅरलखालून कागदाची पट्टी अडकल्याशिवाय ॲक्शनपर्यंत गेली, स्क्रू नीट आवळले, विषय संपला.

लेथवाला:
अर्धीच गोष्ट सांगितलीस. फुगण्याचा त्रास कमी हे मान्य (नायलॉनही थोडं पाणी पितं बरं का, ते सोड) पण बेडिंग मुळात त्यासाठी नसतंच, ॲक्शनला ताण न येता बसायला जागा हवी म्हणून असतं. साच्यातून निघालेल्या स्टॉकमध्ये ती जागा कुठे उंच कुठे खोल असते, तू स्क्रू आवळतोस तेव्हा स्टॉक सरळ होत नाही, ॲक्शन वाकते. खोटं वाटत असेल तर डायल गेजचा स्टँड बॅरलला पकडव, टोक फोरएंडवर (स्टॉकचा बॅरलखालचा पुढचा भाग) टेकव आणि एकेक स्क्रू ढिला करत काटा बघ. दोन थाऊ, म्हणजे ०.००२ इंचाच्या आत राहिला तर तू जिंकलास, माझं काही म्हणणं नाही. जास्त हलला तर ताण आहे, मग कागदाची पट्टी कितीही सुळसुळीत फिरू दे.

वाऱ्यावरची_गोळी:
दोघंही चुकीच्या टोकाला भांडताय. स्वस्त मोल्डेड स्टॉकचं खरं रडगाणं फोरएंडचं आहे. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांच्या टेकूवर) जरा वजन टाकलं की ते वर वाकून बॅरलला टेकतं, गेलं तुमचं फ्री फ्लोट (बॅरल स्टॉकला न टेकता मोकळी असणं). मागे कितीही सुबक बेडिंग करा, पुढचं लवचिक ते लवचिकच. त्यापेक्षा फायबरग्लासचा कडक किंवा आत ॲल्युमिनियम ब्लॉक असलेला स्टॉक घ्या.

टाचणी:
@लेथवाला गेज हलतो म्हणून ग्रुप (लक्ष्यावरच्या गोळ्यांचा पुंजका) वाईट येतो याला पुरावा काय? लोक आधी ३ गोळ्यांचा ग्रुप मारतात, बेडिंग करतात, मग परत ३ गोळ्या, आणि १.५ एमओएचा (ग्रुपच्या पसाऱ्याचं माप) १ झाला म्हणून पेढे वाटतात. ३ गोळ्यांत एवढा फरक नुसत्या योगायोगानेही पडतो. त्याच लॉटची काडतुसं, ५ गोळ्यांचे बरेच ग्रुप, आधी आणि नंतर, असं करून दाखवा मग बोलू.

लेथवाला:
हे मात्र शंभर टक्के बरोबर. पण बेडिंगचा फायदा लहान ग्रुपपेक्षा टिकणाऱ्या झीरोत जास्त दिसतो. रायफल उघडून साफ केली, परत जोडली, तर नेम तिथेच यायला हवा. रिकॉइल लगच्या (ॲक्शनखालचा, गोळीचा धक्का स्टॉकला देणारा ठोकळा) मागच्या तोंडाला पक्का आधार नसेल तर दर धक्क्याला ॲक्शन जराशी वेगळीकडे जाऊन बसते.

जुनाबोल्ट:
बेडिंगच्या बाजूचाच आहे, पण घाईने करणाऱ्यांनी करूच नये असंही म्हणेन. कित्येक प्लास्टिकना इपॉक्सी धरतच नाही, वरवर घासून माखलं तर पापुद्र्यासारखं सुटून येतं, म्हणून तिरकी भोकं पाडून त्याला अडकायला जागा द्यायची. लगच्या पुढच्या, खालच्या आणि बाजूच्या तोंडांना टेप लावायची, मागच्या तोंडाला नाही. ट्रिगर काढून ठेवायचा, ॲक्शनमधली भोकं, खाचा प्लॅस्टिसिनने बुजवायच्या, रिलीज एजंट किंवा वॅक्स सगळीकडे, स्क्रूच्या आट्यांवरसुद्धा. एक खाच राहिली की इपॉक्सी तिच्यात शिरून कुलूप लागतं, मग बसा हातोडा घेऊन. आणि इपॉक्सी ओलं असताना स्क्रू ताकदीने आवळू नका रे, जो ताण काढायला निघालात तोच साच्यात कायमचा ओतून ठेवता. पिलरही (स्क्रूभोवती बसणाऱ्या धातूच्या नळ्या) घाला, नाहीतर स्क्रूखाली प्लास्टिक दबत राहतं आणि आजचा टॉर्क उद्या उरत नाही.

कोरडा_फायर:
ब्लॉकवाल्या स्टॉकला तरी सोडा की! बनवणारे स्वतः सांगतात, नुसता बसवा आणि मारा.

लेथवाला:
सांगू देत. ब्लॉक एका मापाचा, ॲक्शन दुसऱ्या मापाची, त्यावर पातळ थर दिला तर बिघडत काही नाही. गेज तिथेही लाव.

वाऱ्यावरची_गोळी:
आणि फ्री फ्लोट म्हणजे ब्रह्मवाक्य नाही हेही लिहून ठेवा. काही बारीक बॅरल फोरएंडच्या टोकाशी थोडा दाब असला तरच नीट मारतात, कंपन्या मुद्दाम तिथे उंचवटा ठेवायच्या. तो आंधळेपणाने घासून टाकला की ग्रुप पसरतो आणि शिव्या काडतुसांना बसतात.

टाचणी:
म्हणजे मोल्डेड स्टॉकमध्ये दाब ठेवला तर फोरएंड वाकून तो बदलणार, काढला तर बारीक बॅरल रुसणार. यात इपॉक्सी कुठे कामाला आलं?

जुनाबोल्ट:
लगच्या मागे. तू आधी रायफल रिकामी आहे का बघ, बोल्ट काढ आणि गेज लाव, आकडा इथे टाक. मग भांडू.